चौकटीवरची मेझुझा

पिंपरी, ता. ११ मार्च १९७४

तीर्थस्वरूप आईस हसकेलचा नमस्कार आणि शालोम.

खोकला थांबलाय. कंपनीत हलकं काम दिलंय. काळजी नको.

दानियलमामा येऊन गेले. प्रकृती विचारायच्या आधी त्यांनी दाराची चौकट चाचपली. मी बेने इस्राएल यहुदी राहिलोय की नाही, हे बघायला तूच पाठवलंस ना? दवाखान्यात येशूवर माझा विश्वास बसला, हे तुला कुणी कळवलं? मीच सांगणार होतो.

तू दिलेली मेझुझाची डबी तोरातल्या वचनांच्या चिठ्ठीसकट दाराच्या चौकटीवर आहे. तिला हात लावूनच मी रविवारी चर्चला निघतो. हे सांगितलं का मामांनी?

तुझे गुडघे कसे आहेत?

मी बरा झालो तर सगळ्यांना बोलावून गूळ-पोह्यांचा मलिदा करीन, असा संदेष्ट्या एलियाहू हन्नाबीला नवस बोलली होतीस. मी बरा झालोय. केलास का मलिदा? की मला न बोलावताच उरकलास?

अजूनही तुझाच,
हसकेल