सिड्सेलच्या लग्नाचं गाणं

बाबा,

कॉम्प्युटर चालू ठेवलाय, बंद करू नका. जुन्या सॉफ्टवेअरची मुदत संपली म्हणून आपल्या धाकट्या सिड्सेलच्या लग्नाचं गाणं लिहिता येत नाही, ही सबब आता चालायची नाही. मी दोन फुकटची ऑफिस सॉफ्टवेअर लावून बघितली. पहिलं उठता-बसता पासवर्ड मागतं. तुम्ही कॉम्प्युटर खिडकीबाहेर टाकला असता. दुसरं इंटरनेटशिवाय चालतं आणि तुमच्या जुन्या फायली निमूट उघडतं, म्हणून तेच ठेवलं. काकांच्या साठीचं गाणं उघडून पाहिलं, सगळी कडवी शाबूत आहेत. अक्षराचं वळण थोडं बदललंय, त्यावरून कुरकुर नको.

शनिवारी लग्नाच्या जेवणात सगळ्यांना एकत्र गाता यावं म्हणून प्रत्येक ताटाशेजारी गाण्याचा कागद हवाच. नाहीतर ओडेन्सेची आत्या स्वतःच्या मनाने गायला उठेल.

आई होती तेव्हा ती टाइप करायची आणि तुम्ही तिच्या खुर्चीमागे उभे राहून यमकं जुळवायचात, ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी कामावरून आले की मी बसते टाइप करायला. तुम्ही नुसते मागे उभे राहा.

हेरिंग मासा फ्रिजमध्ये आहे, पावाबरोबर खा.

आणि गाण्याला चाल कुठली, याची काळजी करू नका. आज सकाळी दाढी करताना तुम्ही काहीतरी गुणगुणत होतात. कितीतरी महिन्यांनी ऐकलं. तीच घेऊ.

ग्रू