शेवट हिनं सांगायचा

४ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून सिनेमांवरची माझी मतं लिहून ठेवणार. नजर आहे, वाया का घालवा? हिला डॉक्टरांनी घराबाहेर पडायला बंदी केली आहे. म्हणून शनिवारचा तीनचा शो मी एकट्यानं पाहायचा आणि घरी येऊन हिला गोष्ट सांगायची. असं ठरलं, म्हणजे हिनं ठरवलं.

लग्नापासून उलटं चालायचं. मध्यंतरानंतर मी डोळे मिटून पार्श्वसंगीताचा अभ्यास करतो. त्यामुळे शेवट ही मला चालत घरी येताना सांगायची. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीपाशी गोष्ट संपायची. याला झोप म्हणत नाहीत.

आजचा सिनेमा पोलिसांचा. पूर्वार्ध उत्तम, उत्तरार्धात दिग्दर्शकाची पकड सुटली. अडीच स्टार. हिनं खुनी कोण म्हणून विचारलं. माळी, असं सांगितलं. ही म्हणाली, की मघाशी तर माळ्याचाच खून झाला होता. म्हटलं, तेच तर, पकड सुटली. ही पोट धरून हसली. मग खोकल्याची उबळ आली. लेकीनं माझ्याकडे डोळे वटारले. जणू सिनेमा मी काढला होता.

५ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: शनिवारी जेवण अर्धं, कॉफी डबल. शेवट पाहणार म्हणजे पाहणारच.

११ फेब्रुवारी, शनिवार
दोन भावांचं भांडण. कॉफीनं उलट फार शांत वाटलं. डोअरकीपरनं खांदा हलवला आणि झाडू मारायचाय म्हणाला. वर चौकशी, की काकू कुठे दिसत नाहीत? जरा बरं नाही, म्हटलं. तो म्हणाला, की काकू लाइट लागले की आधी स्वतःचे डोळे पुसायच्या, मग तुम्हाला हलवायच्या. मला हे माहीत नव्हतं. घरी येताना ही कायम हसतच गोष्ट सांगायची.

भाऊ एक होतात, असं हिला ठोकून दिलं. ही म्हणाली, गालावर खुर्चीची नक्षी उमटलीय. मग शेवट हिनंच रचला. धाकट्याची बायको दोघांना एका ताटात जेवायला बसवते. हिच्या शेवटाला चार स्टार. एक कापला, कारण मध्येच दम लागून थांबली.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
डॉक्टर येऊन गेले. लेकीला बाजूला घेऊन बोलले. नंतर ती स्वयंपाकघरात नळ सोडून बराच वेळ भांडी घासत होती. भांडी घासलेलीच होती. डॉक्टरांचं काम ट्रेलरसारखं, भीतीदायक तेवढंच आधी दाखवतात. एक स्टार. मार्चमध्ये थिएटरात हिच्यासाठी कडेची खुर्ची बघणार, पाय लांब करता येतात.

१८ फेब्रुवारी, शनिवार
मी बूट घातले. ही म्हणाली, आज नका जाऊ. एवढ्या वर्षांत हिनं कधी नका जाऊ म्हटलं नव्हतं. बूट काढले. नाहीतरी सिनेमा टुकारच होता, पोस्टरवरून कळतं.

२५ फेब्रुवारी, शनिवार
हिनं विचारलं, की तुम्हाला शेवट बघायची भीती वाटते का? म्हटलं, छे, काहीतरीच. हल्ली कोणाला शेवट जमत नाहीत, एवढंच.  ही म्हणाली, की मला वाटते थोडी. तुम्ही तेवढे जागे राहा.

शब्द दिला. हिच्यापाशी बसायची दुपारची पाळी माझी, असं लेकीलाही बजावून सांगितलं. ती बरं म्हणाली, पण शेजारच्या खोलीत अंथरूण घातलंन. माणसावर विश्वास म्हणून नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार
तयारी चोख. दाढेखाली लवंग. पाठ न टेकणारी लाकडी खुर्ची. पेंग आलीच तर खाली पडावा म्हणून हातात स्टीलचा पेला. ही म्हणाली, की पेल्याऐवजी माझा हात धरा. तेही चालेल. डुलकी लागली तर हीच चिमटा काढेल. ही महिनाभरात हिंडूफिरू लागेल, मग एकेक शेवट व्याजासकट ऐकून घेणार.

२ मार्च, गुरुवार
दुपार. लवंग होती. खुर्ची लाकडीच होती. हिचा हात हातात होता.

लेकीनं खांदा हलवला. डोअरकीपरसारखा नाही, हळूच. तिनं आधी स्वतःचे डोळे पुसले होते.

ती म्हणते, आईनं अगदी शेवटी डोळे उघडले होते. लेक मला उठवायला पुढे झाली, तर आईनंच मानेनं नको म्हटलं. झोपू दे त्यांना, म्हणाली. मी सांगते नंतर.

४ मार्च, शनिवार
घर माणसांनी भरलंय. संध्याकाळी कोणाला न सांगता थिएटरपर्यंत गेलो. आत गेलो नाही. शो सुटल्यावर गर्दीबरोबर चालत निघालो. लॉन्ड्रीपाशी थांबलो. कोणी काही सांगितलं नाही. घरी आलो.