‘वजनकाटा’चं चौथं रीळ

मुंबई, ३ नोव्हेंबर २०२४

ती. श्रीनिवासकाकांस,
स्वरालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हे पत्र. हेमाकाकूचा गुडघा कसा आहे?

‘वजनकाटा’ची एकुलती एक प्रत आमच्या जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या लॅबमध्ये पोचली. पस्तीस वर्षं तुमच्या फिल्म सोसायटीच्या कपाटात राहूनही बरी आहे. पण एक गोष्ट लिहायला मन धजत नाही. तिसऱ्या डब्यात चौथं रीळ आहे आणि चौथ्यात तिसरं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तुमच्या अक्षरातल्या आहेत. फितीच्या टोकाला मात्र दिग्दर्शकाने, बुद्धभूषण ओहोळांनी, स्वतः आकडे कोरलेत.

म्हणजे सिनेमात वजनकाट्यावर काम करणारा बाप मेल्यावर पुन्हा कामावर येतो, ते त्यांनी तसं केलेलंच नव्हतं. आणि त्याच प्रसंगावर तुमचा तो गाजलेला लेख! आम्ही तो कॉलेजात जवळजवळ पाठ केला होता. चोवीस तारखेला तुमच्या सोसायटीत होणाऱ्या खेळाला ओहोळ येणार आहेत. कोणता क्रम लावू?

काकूला नमस्कार. रागावू नका, माया आहे तशी राहू द्या.
तुमची, स्वराली

पुणे, ९ नोव्हेंबर

चि. स्वरालीस, अ. उ. आशीर्वाद.

काकूचा गुडघा जागेवर आहे, माझं डोकं नाही. जुन्या चिठ्ठ्या सुटल्या होत्या, पहिल्या खेळाच्या घाईत मी नव्या डकवल्या, एवढं आठवतं.

काल बुद्धभूषणकडे जाऊन कबूल केलं. त्याची फुप्फुसं पार गेलीत. मुलगी सोनाली ऑक्सिजनची नळी सांभाळते. डॉक्टर नाताळपर्यंतचंच बोलतात. त्याला नवल वाटलं नाही. त्या पहिल्या खेळालाच शेवटच्या रांगेत बसल्या बसल्या कळलं होतं, म्हणाला. सांगायला पुढेही आला होता. पण माईक माझ्याकडे होता आणि मी पाऊण तास त्याचाच सिनेमा त्याला समजावून देत होतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चुकीलाच इतकी दाद मिळते, तर आपण करायचं काय, असं वाटून त्याने पुढची पटकथा ट्रंकेत टाकली आणि टपाल खात्यात चिकटला. रागावला असता तर बरं झालं असतं.

खरा क्रम लाव. जाण्याआधी त्याला त्याचा सिनेमा पडद्यावर एकदा बघू दे.
लोभ आहेच, तो वाढव.
श्रीनिवासकाका

मुंबई, १४ नोव्हेंबर

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

क्रम लावला. मला रजा नाही, सगळं सविस्तर कळवा. एक विनंती, या वेळी माईक घेऊ नका.
तुमच्या लोभातली,
स्वराली

पुणे, २८ नोव्हेंबर

चि. स्वरालीस, अ. उ. आशीर्वाद.

माईक घेतला नाही. सदतीस माणसं होती. तिसऱ्या रिळात बाप काम करतो, चौथ्यात मरतो, मुलगा काट्यावर उभा राहतो. संपलं. सरळ, साधा सिनेमा. टाळ्या झाल्या, त्या नळीकडे बघून झाल्या. मग चहाला आमचे जुने सभासद म्हणू लागले की मूळचा जास्त धीट होता. मूळचा म्हणे! एकाने तर लॅबने वाट लावली, असं तुझ्यावरच ढकललं. बुद्धभूषणची खुर्ची त्यांच्या पाठीमागेच होती.

त्याने मला जवळ बोलावून विचारलं, कसा वाटला. स्वराली, मला तो चुकीचाच आवडतो. पस्तीस वर्षं त्याच्यावर जीव लावलाय, आता काढू कसा? मी म्हणालो, फार छान. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सोनालीला सांगितलं, घरी ने.

काल सकाळी तो गेला. भेटायला गेलो तर सोनाली सांगत होती, तीन दिवस तो तिला एकच विचारत होता, श्रीनिवासराव खरं बोलले का. तिने दरवेळी हो म्हटलं. तेवढ्यावर त्याने त्या ट्रंकेची किल्ली माझ्यासाठी दिली होती. मी ती घेतली.

आशीर्वाद आहेत. आमच्यावरची माया कमी करू नकोस.
श्रीनिवासकाका