भंडारा कुणीच उचलला नाही

आबा, काल गावकीच्या बैठकीत तुमची बाजू पडली. पाडणारी मी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. शाबासकी द्यायला गावात पुष्कळ जण पुढे आले, पण तुमच्यासारखं मनापासून चिडणारं आता कुणी राहिलेलं नाही. शाळेत मधली सुट्टी आहे. पोरं व्हरांड्यात डबे उघडून बसलीत आणि मी शिक्षकांच्या खोलीत एका कोपऱ्यात हे लिहितेय.

गाव महापालिकेत जायचं ठरलं तेव्हा मी नववीत होते. आपल्या पडवीत बैठक बसली होती. तुम्ही तावातावानं सांगत होता, "आज हद्दीत घेत्यात, उद्या घरपट्टी वाढवत्यात, परवा शेतावर आरक्षण टाकत्यात. गाव नावालाबी ऱ्हानार न्हाई." मी चहा घेऊन आले आणि कप पुढे करता करता विचारलं, "पण मग आपली शाळा दहावीपर्यंत होईल ना?" सगळे हसले, तुम्ही नाही हसलात. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. आई भाकरी थापत होती. "बाप्यांच्या बैठकीत पोरीनं तोंड घालायचं न्हाई. पुन्हा घातलंस तर शाळाच बंद." आईनं तव्यावरची भाकरी उलटली, वर पाहिलंसुद्धा नाही. मला तुमचा असा राग आला होता की मी त्या दिवशी जेवले नाही, आणि तुम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं केलंत.

गाव पालिकेत गेलंच. त्या आठवड्यात तुम्ही खंडोबाच्या देवळात जाऊन बेल-भंडारा उचललात: पालिकेच्या नळाचं पाणी पिणार नाही. लोकांना वाटलं, चार दिवस पिणार नाहीत, मग निवळेल. अंगणात नळ आला, आई त्याखाली भांडी घासायची, मी केस धुवायची, आणि तुम्ही आपले विहिरीचं पाणी पीत होता. कारखान्यांच्या पाण्यानं विहीर नासली, तेव्हा इंद्रायणीपलीकडच्या मामांकडून कॅन आणवायला लागलात. कंपनीतसुद्धा घरून बाटली न्यायचात. शेवटपर्यंत पाळलंत. मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटायचा, आणि अजूनही हट्टच वाटतो. पण भंडारा हातात घेतला की माणसाला खोटं बोलता येत नाही, हे मी पुस्तकात नाही शिकले, तुमच्या त्या कॅनकडे बघून शिकले.

आणि बसचं काय, आबा? मी भोसरीला कॉलेजात जायला लागले तेव्हा पालिकेच्या बसचा पास तुम्हीच काढून आणलात. कंपनीतली पहिली पाळी करून, न जेवता रांगेत उभे राहिलात, प्लास्टिकच्या पाकिटात पास घालून माझ्या हातात दिलात. मी म्हटलं, "आबा, बस पण पालिकेचीच आहे." तुम्ही म्हणालात, "भंडारा पान्याचा उचललाय, बशीचा न्हाई." त्या पासावर मी बी.ए. झाले, बी.एड. झाले. तुमच्याकडून मिळालेली याहून मोठी भेट मला आठवत नाही.

आता कालचं सांगते. तात्या, तुमचे चुलतभाऊ, आता गावकीचे म्होरके आहेत. गेल्या काही महिन्यांपासून त्यांनी टुमणं लावलं होतं की गाव पालिकेतून बाहेर काढा, पुन्हा ग्रामपंचायत करा. कर परवडत नाही, कचरा उचलत नाहीत, नदीवर फेस तरंगतो. यातलं बरंचसं खरं आहे, मी नाकारत नाही. तुम्ही म्हणाला होतात त्यातलंही बरंच खरं झालं. पण तरुण पोरांनी त्याला शेपूट जोडलं: बाहेरच्यांना भाड्यानं खोल्या द्यायच्या नाहीत, आहेत त्यांना काढायचं. यांच्यामुळे गाव बिघडलं म्हणे. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं या खोल्यांमधली आहेत. आपल्या खोल्यांत उदगीरकडची ती बाई अजून राहते. तिचा नवरा चाकणच्या कंपनीत आहे, ती डबे करते. शेतात खोल्या काढल्यात तेव्हा तुम्ही ठेवलेलं हे पहिलं बिऱ्हाड. परवा ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. "ताई, लेकरं हितंच जन्मली. आमी आता कुटं जावं, सांगा तुमी." म्हणून मी बैठकीला गेले.

देवळाचा मंडप भरलेला. खोल्यांतली माणसं नेहमीसारखी बाहेर, पायऱ्यांच्या खाली उभी. मी बोलायला उठले. पाणी, दवाखाना, बस, शाळा यांचं ग्रामपंचायतीच्या पैशात काय होणार, एवढंच विचारलं. तात्यांनी हात वर करून थांबवलं. "तू सासरी गेलीस. पिंपळे सौदागरला सोसायटीत ऱ्हातीस. गावाच्या बैठकीत तुजं काय काम? तू बी बाहेरचीच." पडवीतला तो चहाचा ट्रे पुन्हा हातात आल्यासारखं झालं. पण नववीतली मी आता राहिले नव्हते. म्हटलं, "व्हय तात्या, बाहेरचीच हाय. म्हनून बाहेरच्यांचं इचारते."

तात्या चिडले आणि तिथंच चुकले. बैठकीनंतर चहा झाला की लोक दिल्या शब्दावरून डळमळतात, हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी बेल-भंडाऱ्याचं ताट मागवलं. ठरावाला जे राजी आहेत त्यांनी घरटी एकानं पुढं यावं, भंडारा उचलावा. मला हसू फुटणार होतं, कसंबसं दाबलं. मी म्हटलं, "झ्याक काम केलंत. पर ठरावात दोन गोष्टी हायेत. पालिकेतनं बाहेर पडायचं नंतर बघू, ते काय आपल्या एकट्याच्या हातात न्हाई. खोल्या मातर आपल्या हातात हायेत. तर आधी त्याचा भंडारा उचला. उद्यापासनं माज्या घरात बाहेरचा भाडेकरू ठेवनार न्हाई, असं खंडोबाम्होरं म्हना."

आबा, तुम्ही हवे होतात तिथं. असा मंडप मी कधी पाहिला नाही. सगळ्यात मोठमोठ्यानं बोलणारी पोरं चपला शोधायला लागली. कुणी मोबाइल काढला, कुणाला एकदम कामाची आठवण झाली. ज्याच्या दारात खोल्या नाहीत असं घर गावात उरलंय कुठं? शेती गेली, कंपनीतल्या नोकऱ्या कंत्राटावर गेल्या, चूल पेटते ती खोल्यांच्या भाड्यावर. शिव्या द्यायला बाहेरचे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला घरचे. सगळ्यांची नजर तात्यांकडे गेली. ताट त्यांच्याच पुढ्यात होतं. एवढ्यात बायकांच्या बाजूनं त्यांच्या थोरल्या सुनेचा आवाज आला, "मामंजी, उचलायच्या आधी वरच्या मजल्याचं काय करायचं ते सांगा. बँकेचा हप्ता त्यातनंच जातो." मंडप असा हसला की तात्यांनासुद्धा मिशीत हसावं लागलं. शेजारची म्हातारी काकू म्हणाली, "आन मी म्हनते, ट्यांकरमागं हंडा घिऊन पुन्हा कोन पळनार? तुमी पळनार का, बाप्यांनो?" त्या ताटातला भंडारा कुणी उचलला नाही. तात्या तर नाहीच. खोटं बोलायची त्यांचीही हिंमत झाली नाही, तेवढा मान मी त्यांना देते.

मग साधे हात वर करून मत घेतलं. ठराव पडला. दोन्ही गोष्टी पडल्या. बायकांनी विरोधात हात वर केले ते खाली घ्यायला तयार नव्हत्या. मी ताट उचललं, पायऱ्या उतरून खाली गेले आणि उदगीरच्या बाईच्या कपाळाला भंडारा लावला. तिच्या लेकीला लावला, तिच्यामागं उभ्या असलेल्या बिहारच्या, नांदेडच्या, कोकणातल्या सगळ्यांना लावला. मग तात्याच वरून म्हणाले, "आता वर या की. खाली काय उभं ऱ्हायलाय?" ती माणसं मंडपात आली. घरी जाईपर्यंत मी रिक्षात एकटीच हसत होते. खूप आनंद झालाय, आबा. लपवत नाही.

घंटा व्हायला आली. हा कागद मी तुमच्या फोटोमागं वगैरे ठेवणार नाही. पर्समध्ये राहील आणि एक दिवस धुण्यात जाईल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. ठरावाच्या बाजूचे हात वर झाले, तेव्हा बाकीचे मोजत होते आणि मी त्या हातांत तुमचा हात शोधत होते. मला तुम्हाला हरवायचं होतं ते तुम्ही जिवंत असताना.