पाहुणा येणार म्हणून उघडलेल्या खिडक्या

रॅपिड सिटी, साउथ डकोटा
९ नोव्हेंबर

सौ. मार्गितताईस एल्डनचा सा. न. वि. वि.

फोन तू कापतेस, म्हणून पत्र. फाडायला का होईना, हातात तरी घ्यावं लागतं. सध्या एका मोटेलच्या छपरावरचा बर्फ ओढतोय. मालकाचा कुत्रा तीन पायांचा आहे, पण माझ्यापेक्षा जास्त मान मिळवतो. असो, त्याचं नंतर.

रॉयभावोजींनी तळघर सजवून आईला तिथे हलवलंय असं तिनंच कळवलं. जाड गालिचा, फटी बुजवलेल्या खिडक्या, एकदम हॉटेल म्हणे. ताई, उन्हाळाभर मी घरांतला रेडॉन वायू बाहेर काढायचे पाइप बसवणाऱ्यांबरोबर फिरलो. आपल्या डेकोरा गावच्या मातीतून तो वायू निघतो. वास नाही, रंग नाही. फरशीच्या तड्यांतून, पाणी उपसायच्या खड्ड्यातून घरात शिरतो. थंडीत घर तापवायची भट्टी पेटली की गरम हवा वरून निघून जाते आणि घर जमिनीतली हवा ओढून घेतं. वर्षानुवर्षं छातीत गेला की कॅन्सर. आईची छाती न्यूमोनियानं आधीच खिळखिळी झालीय. तू तिला त्या वायूच्या उशाशी झोपवतेयस.

मोजून घे. लोभ ठेव नाहीतर ठेवू नकोस, आईला वर आण.

एल्डन


डेकोरा, आयोवा
२१ नोव्हेंबर

चि. एल्डन यास अ. उ. आशीर्वाद. (रीत म्हणून. मनातून नाही.)

उन्हाळाभर पाइप धरलेस आणि लगेच शास्त्रज्ञ झालास. आईच्या गुडघ्यांसाठी खाली न्हाणीघर मी बांधून घेतलं, तेव्हा तू कुठे होतास? कुठल्या तरी छपरावरच.

तुझं तोंड बंद करायला मोजणारा बोलावला. डबी ठेवून गेला, दोन दिवसांनी घेऊन गेला. आकडा दोन. चारच्या वर गेलं तरच काळजी, असं तोच म्हणाला. शेजारी ओल्सनांकडेही कमीच आहे. दारं-खिडक्या बंद ठेवा म्हणत होता, पण परका माणूस येणार आणि घर कोंदट? आपल्या आईनं असं कधी केलंय? मी सगळं घासून काढलं, तळघराच्या खिडक्या तो डबी नेईपर्यंत सताड उघड्या ठेवल्या. वास किती छान येतोय म्हणाला.

आता गप्प राहा. लोभ आटला आहे.

मार्गित


रॅपिड सिटी
२८ नोव्हेंबर

ताईस सा. न. वि. वि.

म्हणजे तू अंगणातली हवा मोजलीस. शाबास. ओल्सनांच्या फरशीला तडे नसतील, आपल्या फरशीला आहेत; शेजारच्या घराचा आकडा आपल्याला लागू होत नाही. आई रात्री खिडक्या उघडून झोपते का, एवढंच सांग. नाही ना? मग दारं-खिडक्या बंद करून पुन्हा मोज. त्या माणसाला कोंदट वास येऊ दे. लाजेनं कुणी मरत नाही, यानं मरतात.

तू मला आवारा म्हण, मूर्ख म्हण. मोज मात्र.

एल्डन


डेकोरा
१३ डिसेंबर

चि. एल्डन यास आशीर्वाद.

सगळं बंद करून मोजलं. अकरा. रॉय म्हणाला डबी खराब असेल, दुसरी आणली. ती तेरावर गेली. पाइप आणि पंखा बसवणारे जानेवारीत येताहेत. तू बरोबर होतास असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाच.

आईला त्याच संध्याकाळी वर आणलं. रॉयनं आणि मी धरून. जिन्यात ती रडली. न्हाणीघर तिला फार आवडलं होतं. आता ती तुझ्या खोलीत आहे. तुझे बूट आणि ती सडकी गिटार गॅरेजमध्ये टाकलीय. आई तुझी चौकशी करते, मी करत नाही.

नाताळला येणार असलास तर तुला खोली नाही. आणि तळघरात, पंखा बसेपर्यंत, मी कुणालाही झोपू देणार नाही. तुलासुद्धा. सोफा आखूड आहे. पाय दुमडून झोप.

मार्गित