आठ घरं डावीकडे

१० ऑगस्ट १९८६
पोचलो बुवा! पळसदरीच्या पुढे, कागदगिरणीच्या धरणावर. खिडकीत तळं, स्टोव्हवर चहा. रेडिओ दुरुस्त करत इथवर आलेल्या माणसाला आणखी काय हवं? माझी पेटी पाण्याची पातळी वाचून दरवाजा आपोआप उघडते. जुना दरवाजेवाला धाऊ हसला. चाक फिरवण्याआधी तो नदीकडे हाळी घालतो, पात्रातली माणसं वर आली की मगच पाणी सोडतो. "तुमची पेटी हाळी घालंल का ओ सायेब?" म्हणाला. भोंगा पुढल्या खेपेला बसवू म्हटलं.

१४ ऑगस्ट
गिरणीने धाऊला घरी बसवलं. बोलायला कोणी नाही. पत्र्यावरचा पाऊस वेगळा वाजतो, तळ्यावरचा वेगळा. तेच ऐकत बसतो.

१७ ऑगस्ट
तळं काठोकाठ, आणि पेटी दाखवते उणे! तळं कोरडं समजून तिने सकाळीच दरवाजा मिटलाय. चूक माझी. पातळीचा वरचा अर्धा आकडा मी सी भाषेत आठ घरं डावीकडे सरकवतो. तिथला इंट, म्हणजे साधा पूर्णांक, सोळा घरांचा; सगळ्यात डावं घर अधिक-उणे चिन्हाचं. पाणी फार चढलं की सरकलेला १ थेट त्या चिन्हाच्या घरात जाऊन बसतो, आणि आकडा उणे होतो. आधी आकडा बिनचिन्हाचा करायचा, मग सरकवायचा. एवढंच. दुपारी नवी चिप बसवली.

१७, संध्याकाळ
पेटीला तळं भरल्याचं कळलं. दरवाजा एकदम सताड उघडला. पात्र उतरलं म्हणून बाया मासे धरायला गेल्या होत्या. धाऊची बायको जनी. शकू. गौराबाई. त्यांचं हसणं ऐकतच मी चिप बसवत होतो.

२१ ऑगस्ट
पेटी बंद. धाऊ चाकावर परत आलाय. हाळी न घालताच उघडतो. विचारलं, तर म्हणाला, आता कोन उतरतंय खाली.

२३ ऑगस्ट
दरवाजा मिटला की खालून हसणं. भर दुपारी. उतरून पाहिलं. खडक, गाळ. वर आलो — पुन्हा तेच. धाऊला ऐकू येत नाही.

२५ ऑगस्ट
ओढ्याला पूर, धाऊ पलीकडे अडकला. पाणी बांधाच्या कडेला. उघडलं नाही तर बांध फुटेल, खालची वाडी जाईल. चाक धरलं. खाली हसणं.
हाळी घातली.
जनी म्हणाली, थांब रं, आलो आमी.
थांबलो.

— बांधावरून पाणी —

पायऱ्यांवर ओली पावलं. फिरवायला हवं — वाडीत पोरं आहेत — पण शकू म्हणते मागे अजून कोणी