कागदावरची सातुर्निना

३ जून, मंगळवार
झोराइदाने बोलावलंय! इटलीला! एकोणीस वर्षांनी लेक दिसणार. आणि नात लुआना – सहा वर्षांची झाली, पण मी तिला फोनच्या काचेतच पाहिलेली. तिच्या केसांना कसला वास येतो तेही मला ठाऊक नाही.

नगरपालिकेत गेले. कारकून एर्मिनिओ म्हणाला, "आजी, नोंदीच्या वह्या आता बंद. पासपोर्टाला संगणकातला जन्मदाखला लागतो."

मग काढ की! तर म्हणे वारा सुटलाय, नेट नाही. बसले. उकडलेला मका होता, अर्धा त्याला दिला. गरीब माणूस, दोन बोटांनी टाइप करतो.

५ जून
वारा. नेट नाही.

९ जून, सोमवार
नेट आलं. आणि मी मेले!

एर्मिनिओ एकदा पडद्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "आजी, तुम्ही एकोणपन्नास साली वारलात."

"मग तुझ्याशी भांडतंय कोण रे?"

सगळी रांग हसली. मीपण.

खरं तर वारली ती माझी थोरली बहीण, सातुर्निना. दोन वर्षांची होऊन गेली. तीन वर्षांनी मी झाले. नोंदणीला जायचं म्हणजे दोन दिवसांची पायपीट, वर उशिराचा दंड. आईने मला तिचंच नाव ठेवलं, तिचाच कागद दिला. आमच्या डोंगरात कितीतरी घरांत असंच. चांगला कागद वाया का घालवायचा? जन्माची वही एका कपाटात, मृत्यूची दुसऱ्या. इतकी वर्षं दोघींची गाठ नव्हती पडली. संगणकाने पाडली.

१७ जून
एर्मिनिओला उपाय सापडला – माझी नवी नोंद करायची. साक्षीदार दोन, माझ्याहून मोठे, "आणि जिवंत हां, आजी!" मेला!

गावातल्या आबुंदिओ आणि तेओफिलाला नेलं. आबुंदिओ सांगतो, "ही जन्मली तेव्हा मी बटाटे काढत होतो." तेओफिला म्हणे, "काढत कुठला? सात वर्षांचं कार्टं तू, बसून खात होतास!" तिथेच जुंपली. एर्मिनिओने दोघांचंही लिहून घेतलं.

कागदावर अठ्ठ्याहत्तरची होते, आता त्र्याहत्तर. तेओफिला म्हणते, आता नवरा बघू तुला.

२६ जून
यंत्राला माझी बोटं दिसेनात. जन्मभर लोकर कातली, रेषा राहिल्यात कुठे! एर्मिनिओने कोमट पाण्यात बुडवायला लावली, चौथ्या खेपेला अंगठा उमटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लुआनाचा स्वेटर विणतेय. बाह्या किती लांब करू? शेजारच्या पोरीच्या हाताला लावून बघते, पण तो हात तिचा नाही ना. दोन बोटं जास्तच ठेवली. झोराइदाचा हातही आता कसा झाला असेल कोण जाणे. गेली तेव्हा बसच्या खिडकीतून बाहेर काढला होता, मी धरून पळाले होते थोडी.

८ जुलै, मंगळवार
दाखला मिळाला! नाव माझं, साल माझं. एर्मिनिओच्या गालाचा मुकाच घेतला.

मग त्याने लेकीकडे जायचा अर्ज उघडला, झोराइदाचं नाव घातलं आणि टाइप करायचा थांबला. म्हटलं, गेलं का नेट?

"नाही आजी. नेट आहे."

झोराइदा जुन्या नोंदीवरच्या सातुर्निनाची मुलगी. नव्या सातुर्निनाला मूलबाळ नाही.

आणि झोराइदाची आई दोन वर्षांची असताना वारली.